दुहेरी उपयोगाचे रायफल कॅलिबर

लहान उपद्रवी प्राणी आणि हरणे या दोन्हींच्या शिकारीसाठी एकच रायफल वापरता यावी, या हेतूने निवडलेल्या कॅलिबरला दुहेरी उपयोगाचे रायफल कॅलिबर असे म्हणतात. ही कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुख्यतः अमेरिकेत रुजली. तेथील ग्रामीण भागात उन्हाळ्यात शेत व कुरणांचे नुकसान करणारे लहान प्राणी टिपणे आणि शरद ऋतूत हरणांची शिकार करणे, हे दोन्ही एकच व्यक्ती करीत असे; मात्र दोन स्वतंत्र रायफली बाळगणे प्रत्येकाला परवडणारे नव्हते. या गरजेतून ५.७ मिमी ते ७ मिमी व्यासाच्या दरम्यानची अनेक काडतुसे पुढे आली. त्यांपैकी १९५५ मध्ये बाजारात आलेले .२४३ विंचेस्टर हे सर्वाधिक प्रसार पावलेले काडतूस होय.

कॅलिबरची निवड हा वरकरणी गोळीच्या व्यासाचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात गोळीची अंतर्गत रचना, तिचे वजन व लांबी आणि रायफलीच्या नळीतील खोबणीचा पीळ या तीन बाबींवर ही निवड अवलंबून असते. गोळी चुकीची निवडल्यास हरिण तत्काळ न मरता जखमी अवस्थेत निसटते. त्यामुळे हा विषय सोयीइतकाच शिकारीच्या नीतीशी आणि कायद्याशीही जोडलेला आहे.

संज्ञा

कॅलिबर म्हणजे स्थूलमानाने नळीच्या पोकळीचा अथवा गोळीचा व्यास. अमेरिका व ब्रिटनमध्ये तो इंचाच्या दशांशांत, तर युरोप खंडात मिलिमीटरमध्ये सांगतात. .२४३ म्हणजे ०.२४३ इंच किंवा सुमारे ६.२ मिमी व्यासाची गोळी होय. बोलण्यात या गटाला ‘६ मिमी’ असे म्हटले जाते. एकाच व्यासाची गोळी असलेली अनेक काडतुसे असू शकतात. त्यांच्या पुंगळ्यांचा आकार व त्यांत मावणारी दारू निरनिराळी असते. म्हणून रायफलीची ओळख केवळ व्यासावरून न होता काडतुसाच्या पूर्ण नावावरून होते.

गोळीचे वजन ग्रेन या एककात मोजण्याची प्रथा आहे. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६४८ ग्रॅम. त्यानुसार १०० ग्रेनची गोळी ६.४८ ग्रॅम वजनाची असते.

उपद्रवी प्राण्यांसाठी अमेरिकी इंग्रजीत ‘व्हार्मिंट’ हा शब्द रूढ आहे. तो ‘व्हर्मिन’ या शब्दाचे बोलीतील रूप आहे. या वर्गात प्रेअरी डॉग, वुडचक, जमिनीवरील खारी व कोयोटे हे प्राणी प्रामुख्याने मोडतात. प्रेअरी डॉग हा कुत्रा नसून बिळांच्या वसाहतींत राहणारा, सुमारे एक किलो वजनाचा कृंतक प्राणी आहे. वुडचक साधारण २ ते ६ किलोंचा, तर कोल्ह्यासारखा दिसणारा कोयोटे साधारण १० ते २० किलोंचा असतो. ब्रिटनमध्ये या वर्गात मुख्यतः लाल कोल्हा येतो.

दोन प्रकारच्या शिकारींच्या गरजा

लहान उपद्रवी प्राण्याचे लक्ष्य आकाराने फार लहान असते आणि ते पुष्कळदा २०० ते ४०० मीटर अंतरावर असते. त्यासाठी गोळीचा मार्ग शक्य तितका सपाट असावा लागतो, म्हणजे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम फारसा बिघडत नाही. याकरिता हलकी आणि अतिशय वेगवान गोळी योग्य ठरते. अशी गोळी लक्ष्यावर किंवा जमिनीवर आदळताच फुटून तिचे बारीक तुकडे होणेही आवश्यक असते. कुरणाच्या सपाट प्रदेशात जमिनीवरून उसळून पुढे गेलेली अखंड गोळी दूरवरची गुरे, घरे किंवा माणसे यांना धोकादायक ठरू शकते.

हरणाच्या शिकारीत गरज नेमकी उलट असते. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे वजन साधारण ४० ते १३० किलो असते. खांद्याच्या मागील भागातून आत शिरून हृदय व फुप्फुसे भेदील, वाटेत बरगडी किंवा खांद्याचे हाड लागले तरी थांबणार नाही आणि त्याच वेळी प्रसरण पावून पुरेशी रुंद जखम करील, अशी गोळी येथे लागते. त्यासाठी गोळी तुलनेने जड व भक्कम असावी लागते. गोळी आरपार गेल्यास रक्ताचा माग मिळतो व जखमी प्राणी शोधणे सुकर होते.

या दोन्ही गरजा एकाच गोळीने भागत नाहीत. म्हणून ‘दुहेरी उपयोग’ या शब्दप्रयोगाचा व्यवहारातील अर्थ एकच रायफल व दोन वेगवेगळी काडतुसे असा होतो. हलक्या आणि जड अशा दोन्ही गोळ्या ज्या कॅलिबरात उपलब्ध आहेत आणि ज्या नळीतून त्या दोन्ही अचूक जातात, तीच जोडी या कामासाठी उपयुक्त ठरते.

गोळीची रचना

बहुतेक शिकारी गोळ्यांत शिशाचा गाभा व त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असते. उपद्रवी प्राण्यांसाठीच्या गोळीचे आवरण पातळ असते. तिचे टोक पोकळ असते किंवा त्यावर प्लॅस्टिकची अणी बसवलेली असते. आदळताच ती फुटते. हरणासाठीच्या गोळीचे आवरण बुडाकडे जाड होत जाते. त्यामुळे तिचे टोक उमलून अळंबीसारखे पसरते, पण मागचा भाग अखंड राहून पुढे जात राहतो. काही गोळ्यांत गाभा व आवरण एकमेकांना जोडून टाकलेले असतात. जॉन नोस्लर या अमेरिकी उत्पादकाने १९४८ मध्ये विक्रीस आणलेल्या ‘पार्टिशन’ गोळीत गाभ्याचे दोन भाग करणारा धातूचा पडदा असतो. पुढचा भाग प्रसरण पावतो व मागचा तसाच टिकतो.

रचनेचे महत्त्व .२४३ विंचेस्टरच्या दोन काडतुसांच्या तुलनेतून स्पष्ट होते. ५८ ग्रेनची (३.७६ ग्रॅम) प्लॅस्टिक अणीची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे १,१९५ मीटर वेगाने बाहेर पडू शकते. तेव्हा तिची ऊर्जा सुमारे २,६९० ज्यूल असते. १०० ग्रेनच्या (६.४८ ग्रॅम) हरणासाठीच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर व ऊर्जा सुमारे २,६४० ज्यूल असते. नळीच्या तोंडाशी दोन्हींची ऊर्जा जवळपास सारखी असूनही त्यांचे परिणाम अत्यंत भिन्न असतात. पहिली गोळी हरणाच्या खांद्यावर लागल्यास उथळ, पण मोठी जखम करून तेथेच विखुरण्याची शक्यता असते. मर्मस्थान अबाधित राहते आणि हरिण पळून जाऊन कालांतराने मरते. दुसरी गोळी वुडचकमधून फारशी न उमलता पार निघून जाऊ शकते व मागे उसळण्याचा धोका उरतो. अंतर वाढते तसा ऊर्जेतही फरक पडतो. ३०० यार्डांवर (२७४ मीटर) हलक्या गोळीत मूळ ऊर्जेच्या निम्म्याहून कमी, तर जड गोळीत निम्म्याहून अधिक ऊर्जा शिल्लक असते.

खोबणीचा पीळ व गोळीची लांबी

रायफलीच्या नळीत आतून सर्पिल खोबणी कोरलेली असते. तिच्यामुळे गोळीला स्वतःभोवती गिरकी मिळते आणि ती हवेत स्थिर राहते. गोळीचा एक पूर्ण फेरा नळीच्या जितक्या लांबीत होतो, त्यावरून खोबणीचा पीळ सांगतात. ‘१० इंचांत एक फेरा’ हा ‘१२ इंचांत एक फेरा’ यापेक्षा घट्ट पीळ होय. एकाच व्यासात गोळीचे वजन वाढवायचे तर तिची लांबी वाढवावी लागते आणि लांब गोळीला स्थिर ठेवण्यासाठी पीळ अधिक घट्ट लागतो. पीळ अपुरा असल्यास गोळी डगमगते व प्रसंगी कागदाच्या लक्ष्यावर आडवी आदळते.

पिळाचा अंदाज घेण्यासाठी ब्रिटिश गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये एक सोपे सूत्र मांडले. आधुनिक रायफलींच्या वेगासाठी वापरल्या जाणाऱ्या त्याच्या रूपानुसार, १८० ला गोळीच्या व्यासाच्या वर्गाने गुणून लांबीने भागल्यास आवश्यक पीळ मिळतो. ६.१७ मिमी व्यासासाठी हे गणित केल्यास १२ इंचांच्या पिळात सुमारे २२.५ मिमी, तर १० इंचांच्या पिळात सुमारे २७ मिमी लांबीपर्यंतची गोळी स्थिर राहते. या व्यासातील ७५ ग्रेनची गोळी साधारणपणे २१ मिमीच्या आसपास, तर १०० ग्रेनची टोकदार गोळी २५ मिमीच्या आसपास लांब असते. म्हणजे पहिल्या नळीत उपद्रवी प्राण्यांसाठीची गोळी चालते, पण हरणासाठीची जड गोळी भरवशाने चालत नाही. दुसऱ्या नळीत दोन्ही चालतात.

इतिहास

आरंभीचे प्रयत्न

अमेरिकी नौदलाने १८९५ मध्ये ६ मिमी व्यासाच्या गोळीचे ली नेव्ही हे काडतूस स्वीकारले होते, परंतु ते फार काळ टिकले नाही. शिकारीच्या क्षेत्रात दुहेरी उपयोगाचा पहिला ठळक प्रयत्न १९१५ मध्ये झाला. चार्ल्स न्यूटन यांनी आखलेले .२५० सॅव्हेज हे काडतूस सॅव्हेज कंपनीने आपल्या मॉडेल ९९ या रायफलीसाठी बाजारात आणले. न्यूटन यांचा कल १०० ग्रेनच्या गोळीकडे होता. सेकंदाला ३,००० फूट हा आकर्षक वेग गाठता यावा म्हणून कंपनीने ८७ ग्रेनची गोळी पसंत केली आणि काडतुसाच्या नावातच ‘३०००’ हा आकडा जोडला. सुरुवातीच्या रायफलींचा पीळ १४ इंचांत एक फेरा इतका सैल असल्याने त्यांत पुढे अधिक जड गोळ्या वापरण्यास अडचण येत असे.

१९३४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने .२५७ रॉबर्ट्स हे काडतूस व्यापारी स्वरूपात आणले. नेड रॉबर्ट्स यांनी ७×५७ मिमी माउझर या लष्करी काडतुसाच्या पुंगळीची मान बारीक करून त्याचे मूळ रूप तयार केले होते. १९३५ मध्ये विंचेस्टरचे .२२० स्विफ्ट आले. त्याच्या ४८ ग्रेनच्या गोळीचा वेग सेकंदाला ४,००० फुटांहून (१,२०० मीटरहून) अधिक होता. काही शिकाऱ्यांनी ते हरणांवरही वापरून पाहिले, पण हलक्या व नाजूक गोळीमुळे त्याचे परिणाम एकसारखे मिळत नसत.

१९५५ मधील स्पर्धा

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील हौशी बंदूककार व नेमबाज ६ मिमी व्यासाच्या घरगुती बनावटीच्या काडतुसांवर प्रयोग करू लागले. अशा काडतुसांना ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. ‘फील्ड अँड स्ट्रीम’ या मासिकाचे नेमबाजीविषयक संपादक वॉरन पेज हे या व्यासाचे प्रमुख पुरस्कर्ते होते. काडतुसे भरण्याची अवजारे बनवणारे फ्रेड हंटिंग्टन यांनी .२५७ रॉबर्ट्सच्या पुंगळीवर आधारित असे एक काडतूस बनवले होते.

या प्रयोगांची दखल घेऊन १९५५ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांनी एकाच वर्षी ६ मिमीची काडतुसे बाजारात आणली. विंचेस्टरचे .२४३ हे .३०८ विंचेस्टरची पुंगळी मानेशी बारीक करून बनवलेले होते. रेमिंग्टनचे .२४४ हे हंटिंग्टन यांच्या धर्तीवर माउझर पुंगळीपासून बनवलेले होते. दोन्हींच्या गोळ्यांचा प्रत्यक्ष व्यास सारखाच, ०.२४३ इंच होता. रेमिंग्टनच्या पुंगळीत दारू थोडी अधिक मावत असल्याने वेगाच्या बाबतीत ते किंचित सरस होते.

दोन्ही कंपन्यांनी ग्राहकाविषयी बांधलेले अंदाज मात्र वेगळे होते. रेमिंग्टनने आपले काडतूस प्रामुख्याने उपद्रवी प्राण्यांसाठी मानले. तिने नळीचा पीळ १२ इंचांत एक फेरा असा ठेवला आणि ७५ व ९० ग्रेनच्या गोळ्या दिल्या. विंचेस्टरने १० इंचांत एक फेरा असा पीळ ठेवून ८० ग्रेनची हलकी आणि १०० ग्रेनची हरणासाठीची अशा दोन गोळ्या दिल्या. एकाच रायफलीत दोन्ही कामे करू इच्छिणाऱ्या ग्राहकांनी १०० ग्रेनच्या गोळीला झुकते माप दिले व .२४४ रेमिंग्टन मागे पडले. १९६३ मध्ये रेमिंग्टनने पीळ ९ इंचांत एक फेरा असा घट्ट केला, १०० ग्रेनची गोळी उपलब्ध केली आणि त्याच काडतुसाला ६ मिमी रेमिंग्टन हे नवे नाव दिले. तोपर्यंत .२४३ विंचेस्टर स्थिरावले होते आणि नव्या नावाला ते स्थान परत मिळवता आले नाही. दारूची क्षमता व वेग यांत सरस असलेले काडतूस केवळ नळीच्या पिळामुळे मागे पडल्याचे हे उदाहरण कॅलिबरच्या निवडीसंबंधी नेहमी दिले जाते.

याउलट दिशेने, म्हणजे हरणाची रायफल लहान प्राण्यांसाठी वापरण्याचाही प्रयत्न झाला. १९७० च्या दशकात रेमिंग्टनने ‘ॲक्सेलरेटर’ नावाची काडतुसे आणली. त्यांत .३०-०६ सारख्या मोठ्या काडतुसात .२२ कॅलिबरची ५५ ग्रेनची गोळी प्लॅस्टिकच्या कवचात बसवलेली असे. वेग भरपूर मिळाला, तरी लहान लक्ष्यासाठी हवी तितकी अचूकता सर्व रायफलींत मिळत नसल्याने ती मागे पडली.

निवडीचे इतर निकष

धक्का : सुमारे साडेतीन किलोच्या रायफलीत .२२३ रेमिंग्टनच्या धक्क्याची ऊर्जा सुमारे ५ ज्यूल, १०० ग्रेनच्या .२४३ विंचेस्टरची सुमारे १३ ज्यूल, तर .२७० विंचेस्टरची सुमारे २४ ज्यूल असते. धक्का कमी असल्यास नेमबाज दचकत नाही व सराव अधिक करू शकतो. नवशिक्यांना .२४३ सुचवले जाण्याचे हेच प्रमुख कारण होय. मात्र हलक्या काडतुसात चुकीला कमी वाव असतो, त्यामुळे अनुभवी हातातच ते अधिक भरवशाचे ठरते, असाही मतप्रवाह आहे.

वारा व अंतर : हलकी गोळी वेगवान असली तरी हवेच्या रोधाने तिचा वेग लवकर कमी होतो व बाजूच्या वाऱ्याने ती अधिक सरकते. त्यामुळे मोकळ्या माळरानावर दूरच्या लक्ष्यासाठी ६ मिमीमधील मध्यम वजनाच्या गोळ्या .२२ कॅलिबरच्या हलक्या गोळ्यांपेक्षा सरस ठरतात. हरणासाठी लक्ष्यावर पोहोचताना गोळीत किमान १,००० फूट-पौंड (१,३५६ ज्यूल) ऊर्जा असावी, असा शिकाऱ्यांत एक रूढ संकेत आहे. .२४३ च्या १०० ग्रेनच्या गोळीबाबत ही मर्यादा सुमारे ३०० मीटरवर येते.

नळीचे आयुष्य : लहान व्यासाच्या नळीतून भरपूर दारूचे तप्त वायू जात असल्याने .२४३ व तत्सम काडतुसांत नळीचा आरंभीचा भाग लवकर झिजतो. हरणाच्या शिकाऱ्याला याची झळ सहसा लागत नाही, कारण त्याच्या वर्षभरात मोजक्याच फैरी होतात. प्रेअरी डॉगच्या वसाहतीवर एका दिवसात शेकडो फैरी झाडल्या जातात. त्या ठिकाणी नळी तापून अचूकता घटते व झीजही वेगाने होते. अशा वापरासाठी कमी दारूचे .२२३ रेमिंग्टन अधिक सोयीचे पडते.

रायफलीचे वजन : उपद्रवी प्राण्यांसाठीच्या रायफलीची नळी जाड व जड असते, कारण ती एका जागी टेकवून वापरली जाते. हरणाची रायफल दिवसभर खांद्यावर वाहायची असल्याने हलकी असते. दुहेरी उपयोगाच्या रायफलीत या बाबतीतही तडजोड करावी लागते.

नेम : दोन वेगवेगळ्या वजनांच्या गोळ्या एकाच रायफलीतून एकाच बिंदूवर लागत नाहीत. १०० ग्रेनच्या गोळीचा नेम २०० यार्डांवर बसवला असता ती ३०० यार्डांवर सुमारे १७ ते २० सेंमी खाली लागते. हलक्या गोळीची घसरण यापेक्षा कमी असते आणि तिचा मारा बाजूलाही सरकू शकतो. म्हणून काडतूस बदलल्यावर दुर्बिणीचा नेम पुन्हा बसवून तपासणे अत्यावश्यक मानले जाते.

प्रमुख काडतुसे

| काडतूस | बाजारात आल्याचे वर्ष | गोळीचा व्यास | गोळीचे प्रचलित वजन |
|---|---|---|---|
| .२२३ रेमिंग्टन | १९६४ | ५.७ मिमी | ४० ते ७७ ग्रेन |
| .२२-२५० रेमिंग्टन | १९६५ | ५.७ मिमी | ४० ते ६४ ग्रेन |
| .२४३ विंचेस्टर | १९५५ | ६.२ मिमी | ५५ ते १०५ ग्रेन |
| ६ मिमी रेमिंग्टन | १९५५ (.२४४ या नावाने) | ६.२ मिमी | ५५ ते १०५ ग्रेन |
| .२५७ रॉबर्ट्स | १९३४ | ६.५ मिमी | ७५ ते १२० ग्रेन |
| .२५-०६ रेमिंग्टन | १९६९ | ६.५ मिमी | ७५ ते १२० ग्रेन |
| ६.५ क्रीडमूर | २००७ | ६.७ मिमी | ९५ ते १४७ ग्रेन |
| .२७० विंचेस्टर | १९२५ | ७.० मिमी | ९० ते १५० ग्रेन |

वरील यादीच्या आरंभीची काडतुसे उपद्रवी प्राण्यांकडे व अखेरची हरणांकडे झुकणारी आहेत. ज्या शिकाऱ्याच्या बहुतांश फैरी लहान प्राण्यांवर होतात व हरिण क्वचित मारले जाते, त्याला ६ मिमी गट सोयीचा ठरतो. ज्याला मोठ्या खेचरी हरणाची शिकार करायची असते व कोयोटे अधूनमधून मारायचा असतो, तो .२५-०६ किंवा ६.५ मिमी गटाकडे वळतो. गोळीची भेदनक्षमता अजमावण्यासाठी वजन व व्यासाचा वर्ग यांचे गुणोत्तर वापरतात. त्याला छेदघनता म्हणतात. ६ मिमीतील १०० ग्रेनची गोळी व .२७० मधील १३० ग्रेनची गोळी या दोहोंची छेदघनता ०.२४२ इतकीच आहे. ५.७ मिमीतील ५५ ग्रेनच्या गोळीची छेदघनता मात्र ०.१५७ आहे. हरणासाठी ६ मिमी ही खालची मर्यादा मानण्यामागे हे एक कारण आहे.

कायदेशीर मर्यादा

हरणाच्या शिकारीसाठी अनेक ठिकाणी कॅलिबरची किमान मर्यादा कायद्याने ठरवलेली आहे. अमेरिकेत हा विषय राज्यांच्या अखत्यारीत येतो. कोलोरॅडो राज्यात हरणासाठी किमान .२४ कॅलिबर, किमान ७० ग्रेनची प्रसरण पावणारी गोळी आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पौंड ऊर्जा आवश्यक असते. व्हर्जिनियात .२३ ही किमान मर्यादा आहे. टेक्सासमध्ये अशी व्यासाची अट नाही. तेथे पुंगळीच्या कडेवर आघात होऊन उडणारी काडतुसे तेवढी हरणासाठी निषिद्ध आहेत.

इंग्लंड व वेल्समध्ये १९९१ च्या हरीण अधिनियमानुसार किमान ०.२४० इंच कॅलिबर व १,७०० फूट-पौंड (सुमारे २,३०५ ज्यूल) ऊर्जा लागते. .२४३ विंचेस्टर ही अट जेमतेम व्यासाने पूर्ण करते, म्हणून कोल्हा व हरिण या दोहोंसाठी तेथे ते लोकप्रिय झाले. २००७ मधील बदलानुसार मुंटजॅक व चिनी पाणहरिण या लहान जातींसाठी ०.२२० इंच कॅलिबर, किमान ५० ग्रेनची गोळी व १,००० फूट-पौंड ऊर्जा पुरेशी मानली जाते.

असे नियम व्यास, वजन व ऊर्जा मोजतात. गोळीच्या अंतर्गत रचनेतील भेद ते पुरेसा टिपत नाहीत. वर उल्लेखिलेली ५८ ग्रेनची गोळी इंग्लंडमधील ऊर्जेची अट सहज पूर्ण करते आणि ती प्रसरणशीलही आहे, तरी हरणासाठी ती अयोग्यच ठरते. हा निर्णय अखेरीस शिकाऱ्यावर सोपवलेला राहतो.

शिसेविरहित गोळ्या

शिकारीनंतर मागे राहणाऱ्या अवशेषांतील शिशाचे कण खाऊन गिधाडे, गरुड व इतर मृतभक्षी पक्ष्यांना विषबाधा होते. या कारणाने कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून बंदुकीने केल्या जाणाऱ्या सर्व शिकारीत शिसेविरहित गोळ्या सक्तीच्या झाल्या. तांब्याची घनता (८.९६) शिशाच्या घनतेपेक्षा (११.३४) कमी असल्याने समान वजनाची तांब्याची गोळी लांब होते व तिला अधिक घट्ट पीळ लागतो. १० इंचांच्या पिळाच्या जुन्या .२४३ रायफलींत १०० ग्रेनची पूर्ण तांब्याची गोळी स्थिर राहीलच असे नाही. तिच्याऐवजी ८० ते ८५ ग्रेनची गोळी वापरतात. तांब्याची गोळी सहसा फुटत नसल्याने कमी वजनातही ती पुरेशी खोल जाते. स्कॉटलंडमध्ये मोठ्या जातींच्या हरणांसाठी पूर्वी किमान १०० ग्रेनची गोळी बंधनकारक होती. २०२३ मध्ये ही मर्यादा ८० ग्रेनपर्यंत खाली आणल्याने तेथे .२४३ मधून शिसेविरहित गोळ्या वापरण्याचा मार्ग मोकळा झाला.

टीका

दुहेरी उपयोगाचे कॅलिबर हे दोन्ही कामांसाठी दुय्यम असते, असा आक्षेप घेतला जातो. लहान प्राण्यांसाठी ते गरजेहून महाग व नळी झिजवणारे, तर मोठ्या हरणांसाठी अपुरे ठरते, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. खांद्याला सरळ समोरून किंवा मागून तिरका नेम साधावा लागल्यास ६ मिमीची गोळी मर्मापर्यंत पोहोचेल याची खात्री कमी असते. अशा वेळी गोळी न झाडणे हाच योग्य मार्ग समजला जातो. वापीटीसारख्या मोठ्या प्राण्यांसाठी हे कॅलिबर सामान्यतः सुचवले जात नाही.

‘उपद्रवी’ या वर्गीकरणावरही वन्यजीव अभ्यासकांचा आक्षेप आहे. प्रेअरी डॉगच्या वसाहतींवर काळ्या पायांचे फेरेट हे दुर्मिळ शिकारी प्राणी अवलंबून असतात व त्यांची बिळे इतर अनेक जिवांना आसरा देतात. यूटा प्रेअरी डॉग ही जात अमेरिकेच्या संघीय कायद्याने संरक्षित आहे. त्यामुळे एकाच गटातील एक जात शिकारीस खुली व दुसरी निषिद्ध असू शकते.

भारतातील स्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार चितळ, सांबर, काळवीट इत्यादी प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. त्यामुळे हौशी शिकारीसाठी कॅलिबर निवडण्याचा प्रश्न येथे उद्भवत नाही. पूर्वी या अधिनियमाच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राण्यांची यादी होती. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली व ती अनुसूची वगळण्यात आली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. एखाद्या प्राण्यास ठरावीक प्रदेशात व ठरावीक काळापुरते उपद्रवी घोषित करण्याचा केंद्र सरकारचा कलम ६२ खालील अधिकार मात्र कायम आहे. उभ्या पिकांचे नुकसान करणाऱ्या प्राण्यांबाबत कलम ११ अन्वये वन विभागाच्या सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः रानडुक्कर व नीलगाय (रोही) यांच्या संदर्भात चर्चिला जातो.